गॅरेजच्या शटरला सिलिकॉन स्प्रे: कुठे उपयोगी, कुठे नाही

बंगल्याच्या पार्किंगचं रोलिंग शटर कुरकुरायला लागलं की हार्डवेअरच्या दुकानातून हमखास ग्रीस आणलं जातं. गाइड चॅनलमध्ये, म्हणजे शटरच्या पट्ट्यांची टोकं ज्यात सरकतात त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचांमध्ये, ते बोटाने फासलं की चार दिवस शटर झकास चालतं. मग रस्त्यावरची धूळ त्यात बसते आणि चॅनलमध्ये काळा, करकरीत लगदा साचतो. चिमटीत घेऊन चोळला तर पॉलिश पेपरसारखा लागतो. पट्ट्यांची टोकं रोज त्याच्यावरच घासतात. म्हणून चॅनलसाठी ग्रीस नकोच. तिथे सिलिकॉन स्प्रे घ्यावा, आणि त्याची शिफारस आम्ही मनापासून करतो.

स्प्रेमधला द्रावक उडून जातो आणि मागे सिलिकॉनचा पातळ थर राहतो. त्यावर धूळ ग्रीसइतकी चिकटत नाही. खालच्या पट्टीला रबर असेल तर तेही खराब होत नाही. गंज सोडवायचा पातळ स्प्रे वेगळा. तो अडकलेला बोल्ट सोडवायला उत्तम, पण चॅनलमध्ये फार दिवस टिकत नाही.

स्प्रे मारण्याआधी सफाई हवीच, नाहीतर पैसे वाया. शटर पूर्ण वर घ्या म्हणजे चॅनल मोकळी होते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं लाकडी पट्टीला गुंडाळून चॅनलच्या तिन्ही आतल्या बाजू वरून खाली पुसा. तळाशी माती आणि पानांचा चुरा साठलेला असतो, तो खरवडून काढा. पावसाचं पाणी तिथेच मुरतं आणि चॅनल बुडापासून सडायला लागते. अर्धा तास वाळू द्या. मग डब्याबरोबर मिळालेली बारीक नळी लावून प्रत्येक बाजूला एकच सलग फवारा मारा. शटर पाच-सहा वेळा खाली-वर करा आणि ओघळ पुसून घ्या. खाली वर्तमानपत्र अंथरायला विसरू नका. पोर्चच्या फरशीवर सिलिकॉन सांडलं की पाय सटकतो, आणि साध्या पाण्याने ते निघत नाही. गाडीचं इंजिन गरम असताना किंवा जवळ ज्योत असताना मारू नका, कारण हे स्प्रे बहुतेक ज्वलनशील असतात.

दिवाळीच्या रंगकामात हमखास होणारी चूक म्हणजे आधी स्प्रे आणि मग रंग. सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. त्यामुळे गंज घासणं, रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर), ऑइल पेंट हे सगळं आधी उरकून पूर्ण वाळू द्या. स्प्रे शेवटी, तोही फक्त चॅनलमध्ये. कोकणात, समुद्राजवळ, तळपट्टी आणि तिच्या वरच्या दोन-तीन पट्ट्या आधी गंजतात. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे रंग बघाच.

आता स्प्रेच्या आवाक्याबाहेरचं. शटर जड झालं तर दोष बहुतेकदा चॅनलचा नसतोच, स्प्रिंगचा असतो. शटर कमरेइतकं उचला आणि हात हळूच सैल करा, पूर्ण सोडू नका. जागेवर थांबलं तर ताण बरोबर आहे. खाली बसायला लागलं तर स्प्रिंग सैल पडली आहे किंवा एखादी तुटली आहे. आपोआप वर पळालं तर ताण जास्त आहे. यातलं काहीही स्प्रेने सुधारत नाही. शटर खाली असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते, आणि त्या वेळी शाफ्टचा (शटर ज्यावर गुंडाळलं जातं त्या वरच्या आडव्या दांड्याचा) क्लॅम्प सैल केला तर पाना हातातून उडून मनगट मोडू शकतं. हे काम शटरवाल्या मिस्त्रीचंच. हूड, म्हणजे गुंडाळीवरचं पत्र्याचं झाकण, उघडलेलं असेल तर स्प्रिंगच्या वेढ्यांवर मशिन ऑइलचे थेंब सोडायला मात्र हरकत नाही, आवाज कमी होतो.

बेअरिंगचंही तसंच. ८ चौरस मीटरपर्यंतचं हाताने ओढायचं शटर बेअरिंगशिवाय चालतं, त्यापुढे १२ चौरस मीटरपर्यंत बॉल बेअरिंग लागतं, असा सर्वसाधारण नियम आहे. १० बाय ८ फुटी शटर साधारण ७.४ चौरस मीटरचं भरतं. १२ बाय ८ फुटी जवळपास ८.९ चौरस मीटरचं, म्हणजे त्याला बेअरिंग हवंच. पैसे वाचवायला ते गाळलेलं असेल तर कितीही स्प्रे मारा, ओढणाऱ्याची कंबर दुखणारच. बेअरिंग असेल तर त्यात लिथियम ग्रीस. ग्रीसची खरी जागा ती.

एका बाजूच्या चॅनलमध्येच घासून चकाकलेली रेघ दिसली, किंवा तळपट्टी तिरकी चढू लागली, तर वरचे ब्रॅकेट एका पातळीत आहेत का ते तपासून घ्या. पट्ट्यांच्या टोकांच्या क्लिपा निखळल्या तरी पट्टी बाजूला सरकते आणि चॅनल खरवडते. कुलपात स्प्रे नको, ग्रॅफाइटची पूड घाला.

वर्षातून तीनदा पुरे: मेच्या अखेरीस, पाऊस सरल्यावर, आणि धुळीचे दिवस सुरू होताना फेब्रुवारीत. त्या हिशोबाने एका शटरसाठी लहान डबाही वर्षभर पुरतो. घेताना लेबलवर 'सिलिकॉन' हा शब्द आहे का बघा. नुसतं 'मल्टीपर्पज' लिहिलेला डबा या कामासाठी उचलू नका.