कास्टिंगच्या गाडीवर रॅचेट बेल्ट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

दुकानदार रॅचेट बेल्ट, म्हणजे दात्यांच्या हँडलने आवळायचा माल बांधायचा पट्टा, हातात देतो आणि एकच गोष्ट सांगतो, "पाच टनी आहे, गाडी उचलली जाईल." पाच टनाचं कौतुक बाजूला ठेवा आणि आधी हूक बघा. ५० मिमी रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा सहसा तुटत नाही. वापरात सुटतो तो हूक, आणि तो सुटला की पाच टनी पट्टा गाडीमागे लोंबकळत जातो.

वापर कोणता, ते आधी सांगतो. १४ फुटी गाडी, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून पुण्याजवळच्या चाकणकडे कास्टिंगच्या (ओतीव धातूच्या नगांच्या) लाकडी पॅलेटी, म्हणजे माल रचायच्या चौकटी, एकेक साधारण टनाची. माल बुटका आणि जड. आधी नायलॉनचा दोर होता. दोर ताणला तरी लांबतो आणि कराडपर्यंत ढिला पडतो, म्हणून पट्टे घेतले. दोराच्या तिप्पट-चौपट पैसे गेले. उन्हाळ्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. बांधायला निम्मा वेळ, ताण दोराच्या कितीतरी पट आणि क्लीनरच्या हाताची सालटी निघत नाहीत. पावसाळा संपल्यावर मत साडेतीनवर आलंय, आणि त्यातला एक पूर्ण गुण हुकाने खाल्लाय.

हुकाचं दुखणं असं. सोबत येणारा हूक दुहेरी तारेचा असतो, तोंड उघडं, त्यावर स्प्रिंगची क्लिप नाही. हौद्याच्या बाहेर खालच्या बाजूला दोर बांधायचा आडवा रॉड असतो. त्याला हूक खालून वर अडकतो. पट्ट्याला ताण आहे तोवर उत्तम. खड्ड्यात गाडी आदळली की माल क्षणभर दबतो, पट्टा तेवढ्यापुरता सैल होतो आणि हूक स्वतःच्या वजनाने खाली घसरून रॉडवरून निघतो. पुढच्या क्षणी माल परत वर येतो, पण तोवर त्या बाजूला धरायला काही उरलेलं नसतं. दोराचं असं होत नाही, तो सैल झाला तरी गुंडाळलेला राहतो. या एका बाबतीत दोर पट्ट्यापेक्षा सरस आहे, आणि हे विकणारा कुणी सांगत नाही.

उपाय दोन. खरा उपाय म्हणजे क्लिपवाला हूक असलेला पट्टा घ्यायचा. थोडा महाग पडतो, पण पैसे वाचवायची ही जागा नाही. फुकटातला उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून हुकाच्या मानेवर चढवून ठेवायचा आणि हूक अडकवल्यावर तोंडावर सरकवायचा. ताण घेण्याचं काम ट्यूब करत नाही, पट्टा सैल झाल्यावर हूक जागेवर धरून ठेवते एवढंच. उन्हाने ट्यूब चिरते, ती बदलत राहायची. ट्यूब चढवण्याआधी हूक नीट बसलाय ना हे बोटाने चाचपायचं. भार हुकाच्या पोटात यायला हवा. टोकावर आला तर हूक उघडतो.

तसा एक हूक उघडलाच. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "ओव्हरलोड केलंय, वॉरंटीत बसत नाही." त्या हुकावर क्षमतेचा आकडाच कोरलेला नव्हता, मग कशाच्या तुलनेत ओव्हरलोड? बदलून मिळाला नाही. म्हणून सांगतो, हुकावर आकडा उमटवलेला नसेल तर पट्टा घेऊच नका. तोंड मूळ मापापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त रुंदावलेला हूक बाद समजायचा. ठोकून सरळ केलेला तर आधी बाद.

हुकाच्या जोडीने दुसरी गोष्ट: तो अडकवायचा कुठे? आपल्याकडच्या हौद्याचे फाळके (बाजूच्या भिंती) उंच आणि रॉड बाहेर. माल फाळक्याच्या वर येणारा असेल तर बाहेरून बांधणं ठीक. कास्टिंगची पॅलेट मात्र गुडघ्याएवढी. पट्टा फाळक्यावरून जातो, सगळा ताण फाळका आत ओढण्यात जातो आणि पॅलेटवर दाब शून्य. वरून बघणाऱ्याला गाडी छान बांधलेली दिसते, आत माल मोकळा असतो. बुटक्या मालाला हौद्याच्या आत, तळाशी कड्या हव्यातच. कडी तळाच्या पत्र्याला वेल्ड करू नका, पत्रा फाटून वर येतो. खालचा आडवा चॅनेल (तळाला पेलणारी लोखंडी तुळई) कुठे आहे ते बघून त्यालाच जोडायची. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. नव्या गाड्यांचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उडाला तर कड्यांच्या खर्चात दहा पट्टे आले असते असा हिशोब होतो.

आता पाच टनाचा आकडा. पट्ट्यावरच्या लेबलवर तीन आकडे असायला हवेत. एलसी म्हणजे सरळ ओढीत पट्टा किती भार धरेल. चांगल्या ५० मिमी पट्ट्यावर २५०० डेकान्यूटन, म्हणजे साधारण अडीच टन; मालाभोवती फिरवून दोन पदरांनी धरला तरच पाच. एसएचएफ म्हणजे हँडलवर हाताने लावायचा जोर, ५० डेकान्यूटन, म्हणजे साधारण ५० किलो. आणि एसटीएफ म्हणजे तेवढा जोर लावल्यावर पट्ट्यात खरोखर येणारा ताण. साध्या आखूड हँडलच्या रॅचेटला तो ३०० च्या आसपास असतो. मालावरून पट्टा टाकून दाबायचं असेल तेव्हा कामाचा आकडा हा तिसरा, पाच टन नव्हे. बाजारातल्या निम्म्या पट्ट्यांवर तो छापलेलाच नसतो.

हिशोब करून बघा. टनाची पॅलेट, पत्र्याचा तळ. लाकूड आणि पत्रा यांच्यातलं घर्षण ०.३ धरा. जोरात ब्रेक मारला की वजनाच्या ०.८ पट, म्हणजे ८०० किलोचा रेटा पुढे. घर्षण आपणहून ३०० किलो अडवतं, ५०० उरतात. एका पट्ट्याचा दाब दोन्ही बाजू मिळून फार तर ६००, त्याच्या ०.३ पट म्हणजे १८०. एका पॅलेटला तीन पट्टे! तेही पट्टा जवळजवळ उभा असेल तर. जमिनीशी ३० अंशात तिरका असेल तर दाब निम्मा. याच पॅलेटखाली घर्षण ०.६ देणारी रबरी मॅट टाका. घर्षण ६०० अडवतं, २०० उरतात, आणि एक पट्टा ३६० देतो. मॅटचे पैसे पट्ट्यांच्या संख्येतून वसूल होतात. या सगळ्या वापरात सर्वांत जास्त समाधान पट्ट्याने दिलं नाही, ८ मिमी जाडीच्या मॅटच्या तुकड्यांनी दिलं. मॅट पॅलेटच्या प्रत्येक पायाखाली यायला हवी. एक कोपरा पत्र्यावर टेकला तरी फायदा जातो.

मशीनिंग झालेल्या कास्टिंगला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते गळून तळावर येतं आणि घर्षणाचा सगळा हिशोब बुडतो. भरण्याआधी तळ झाडून, तेल पुसून घ्यायचंच. फाउंड्रीची वाळूही तशीच, चाकांवर ठेवल्यासारखी पॅलेट सरकते.

पॅलेट पुढच्या भिंतीला टेकवली तर पट्टे कमी लागतात हे खरं, पण जड माल सगळा पुढे नेला की पुढच्या धुरीवर वजन चढतं. माल मागच्या धुरीच्या थोडा पुढे ठेवा आणि पुढची मोकळी जागा चार इंची लाकडी ठोकळ्यांनी भरा.

भरल्यावर पहिले १५-२० किलोमीटर माल बसतो. लाकूड दबतं, पट्टाही थोडा ताणतो. शिरोलीहून निघाल्यावर किणी टोलनाका ही थांबून पट्टे परत आवळायची चांगली जागा. पुढे साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की उतारावरचं एस वळण. तिथे रेटा पुढे नसतो, आधी एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला, वजनाच्या निम्म्यापर्यंत. ढिल्या पट्ट्याची परीक्षा तिथे होते. माल फाळका वाकवून बाहेर आला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

रॅचेटच्या धुरीवर पट्ट्याचे कमीत कमी दीड आणि जास्तीत जास्त तीन वेढे. कमी झाले तर पट्टा सरकतो, जास्त झाले तर रॅचेट गच्च होऊन सुटत नाही. हँडलला पाइप घालून आवळू नका. ५० किलोचा जोर धरून ते बनवलंय. कास्टिंगची धार, बर (कडेला राहिलेला धातूचा टोकदार काठ), पॅलेटची खिळे निघालेली फळी, या सगळ्यांखाली जुन्या टायरचा तुकडा किंवा प्लॅस्टिकचा कोपरा हवा. काठाला ५ मिमी म्हणजे रुंदीच्या दहाव्या हिश्श्याएवढी चीर पडली की पट्टा बाद. गाठ मारून जोडलेला पट्टा निम्मी ताकद घालवून बसतो.

पावसाळ्यात गेलेला उरलेला अर्धा गुण गंजाचा. दातात अडकणारी पट्टी चिखलाने जाम होते, स्प्रिंग परत येत नाही आणि हँडल बंद झालंय असं वाटतं तेव्हा ते अर्धवट अडकलेलं असतं. बंद करताना "खट्" असा आवाज यायलाच हवा. पाण्याने धुवून, वाळवून, सांध्यावर मशीन ऑइलचे दोन थेंब. ग्रीस नको, धूळ धरून त्याचा लेप होतो. तेल पट्ट्यावर पडू देऊ नका. सिमेंट किंवा चुन्याची भाडी असतील तर त्याच दिवशी धुवा, अल्कली पॉलिएस्टर खाते.

चोरीबद्दल थोडं. धाब्यावर गाडी उभी राहिली की पट्टेच आधी जातात, माल नंतर. बंद हँडल आणि फ्रेम यांच्या छिद्रांतून नंबरवालं प्लॅस्टिक सील ओवून नंबर मालाच्या चलनावर लिहून ठेवा. चोर अडत नाही, पण वाटेत कुणी रॅचेट उघडलं का हे पोहोचल्याबरोबर कळतं, आणि पार्टीशी नग कमी भरल्याचा वाद होतो तेव्हा हेच कामी येतं.

सोडताना आधी मालाकडे बघा. माल पट्ट्यावर रेलून बसलेला असेल तर रॅचेट उघडताच तो ताण सुटतो आणि पॅलेटवरचे नग अंगावर येतात. बाजूला उभं राहूनच हँडल उघडायचं, आणि त्या फाळक्याखाली हमाल उभा नाही याची खात्री करूनच.