स्लीप काढून टाकल्यावरचे आठ महिने: प्लेराइट वापरून आलेला अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही एका पतसंस्थेचं पोर्टल सांभाळतो. कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तीन भाषा. पोर्टल नीट चालतंय का हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट आधी सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या साधनावर होत्या आणि जागोजागी तीन सेकंदांचा स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबायची सूचना. ऑफिसात सगळं हिरवं. खानापूरला घरी, पावसात, मोबाईलच्या नेटवर चालवलं की लाल. "काल पास झालती की!" असं म्हणत आम्ही स्लीप पाच सेकंदांचा केला. पान अर्ध्या सेकंदात आलं तरी पाच सेकंद वाया, आणि सहाव्या सेकंदाला आलं तर टेस्ट पडायचीच. सेलेनियममध्येही अट घालून थांबता येतं, ते आम्ही नीट वापरलं नव्हतं.

मग आम्ही प्लेराइट हे तसंच दुसरं साधन घेतलं. ते क्लिकआधी स्वतःच बघतं: बटण दिसतंय का, लागोपाठ दोन फ्रेममध्ये एकाच जागी आहे का, चालू आहे का, वर दुसरं काही आडवं आलंय का. लोडर (पान येईपर्यंत फिरणारं चक्र) जाण्याची वाट बघायला लिहिलेला आमचा सगळा कोड त्यामुळे गेला.

शिल्लक रकमेची टेस्ट मात्र पडत राहिली. पानावर आधी शून्य येतं, खरा आकडा मागून. आम्ही मजकूर एकदाच वाचून ताडून बघत होतो. प्लेराइटच्या 'एक्स्पेक्ट' या तपासणीला लोकेटर, म्हणजे पानावरची ती गोष्ट शोधायची खूण, दिला की ते मुदत संपेपर्यंत पुन्हापुन्हा तपासतं. मूळ मुदत 5 सेकंद. एकदाच वाचण्याऐवजी हे वापरलं आणि प्रश्न मिटला.

खरा त्रास मुदत ठेवीच्या पानाने दिला. 'पुढे' बटण दिसायचं, क्लिकही व्हायचं, पण पान हलायचं नाही. दोन दिवस ट्रेस, म्हणजे टेस्ट चालतानाची नोंद, उघडून एकेक पायरी बघितली. बटण सर्व्हरकडून तयार येत होतं, त्याला जावास्क्रिप्ट, म्हणजे दाबल्यावर काम करणारा कोड, जोडली जाण्याआधीच क्लिक पडत होता. हे प्लेराइटला कळणार कसं? स्लीप घातला असता तर टेस्ट पास झाली असती, पण निपाणीतला एखादा खातेदार साध्या फोनवर तेच बटण दाबत बसला असता. म्हणून पान तयार होईपर्यंत बटण बंद ठेवायचा बदल पोर्टलमध्येच केला. या एका दोषासाठी तरी आठ महिने कारणी लागले असं मला मनापासून वाटतं.

आता एकच स्लीप उरलाय, ओटीपीच्या पानावर. टेस्टपुरता ठरलेला ओटीपी चालेल अशी सोय झाली की तोही काढणार.