१४ महिने, ५ क्रॅश आणि खालची ती रबरी पट्टी

या लॅपटॉपचे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत टाइपत बसत नाही. खरं तर वर्ष झालं की निवांत रिव्ह्यू लिहायचा आणि चार स्टार देऊन मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. स्क्रीन छान आहे, कीबोर्ड तर फारच छान. तक्रार एकच, आणि ती मी पहिल्या चार महिन्यांपासून करतेय, ती म्हणजे तळाला चिकटवलेली रबरी पट्टी. कव्हरचे दोन स्क्रू मुद्दाम या पट्टीखाली लपवलेत. एकदा सोलली की परत चिकटत नाही, कोपरे वर येतात आणि टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. कोणाच्या डोक्यातून निघालं हे देव जाणे.

आता मूळ विषय. वॉरंटी संपून दोन महिने झाले आणि भर मीटिंगमध्ये, मी बोलत असताना, वाक्याच्या मध्येच निळी स्क्रीन. वाचायच्या आत रीस्टार्ट. म्हटलं असेल काहीतरी अपडेट. संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी तर मी हातही लावला नव्हता, नुसतं गाणं चालू होतं, तरी गेला.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडला तर लाल खुणेसकट 'कर्नल-पॉवर ४१'. मी यावर अख्खी संध्याकाळ घालवली, तुम्ही घालवू नका. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. म्हणजे डॉक्टरकडे जावं आणि त्यानं सांगावं की तुम्ही पडलात. अहो ते मलाही माहितीये, का पडले ते सांगा ना!

कामाची गोष्ट अशी की सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' असतं, तिथली ऑटोमॅटिक रीस्टार्टची टिक काढून टाका. मग ती स्क्रीन तशीच थांबते आणि खालचं एररचं नाव लिहून घेता येतं. मी टिक काढल्यावर आणखी दोनदा क्रॅश झाला, एकदा 'मेमरी मॅनेजमेंट' आणि एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. आधीच्या तीन क्रॅशच्या फाइल्स विंडोजच्या मिनीडंप फोल्डरमध्ये होत्याच, त्यांतही नावं एकसारखी नाहीत. दर वेळी वेगळं नाव निघालं की पहिला संशय रॅमवर घ्यायचा असतो हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी विंडोजचीच मेमरी टेस्ट चालवली, ती म्हणाली सगळं ठीक, आणि मी विश्वास ठेवला. मग ग्राफिक्स ड्रायव्हर काढून परत टाकला, एसएफसी स्कॅन (विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सची तपासणी) केलं, एसएसडीची हेल्थ बघितली, पंख्यातली धूळ काढली. चार दिवस गेले.

शेवटी सर्व्हिस सेंटर. तिथल्या माणसानं लॅपटॉप उलटा केला, पट्टी बघितली आणि विचारलं, "मॅडम, आधी कोणी उघडलाय का?" मी म्हटलं पट्टी आपोआप निघते हो. (हे वाक्य लक्षात ठेवा.) मग त्यानं बायॉस (मशीन चालू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केला, अर्धा तास चालवून बघितलं आणि सांगितलं, मदरबोर्ड. खोकला झाला तरी मदरबोर्ड, ताप आला तरी मदरबोर्ड. आकडा ऐकून मी गपगुमान बॅग उचलली.

घरी आले, चालू केला तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बायॉस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायचा असतो, ते त्यानं केलं नव्हतं. नशीब, ती की माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होती. मोबाईलवर लॉगिन करून, स्क्रीनवरच्या की आयडीशी जुळणारी शोधून, सहा-सहा आकड्यांचे आठ गट टाइप केले. तुमची की कुठे आहे ते आजच बघून ठेवा, कागदावर लिहा, पण त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.

तर आता कबुली. पट्टी आपोआप निघाली नव्हती, मीच सोलली होती. घेतल्यावर चौथ्या महिन्यात. ८ जीबी कमी पडत होती, नवीन रॅम घ्यायची जिवावर आली, म्हणून बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधली ८ जीबीची काडी काढून यात बसवली. दहा महिने छान चालली, त्यामुळे मी विसरूनच गेले होते. म्हणजे वर कंपनीला जेवढ्या शिव्या घातल्या त्यातल्या बऱ्याच मागे घेते. आपलेच दात आपलेच ओठ.

मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर टाकलं आणि रात्री लावून झोपले. सकाळी स्क्रीन लालेलाल, म्हणजे एररच एरर. मग कव्हर उघडलं, आधी बॅटरीचा कनेक्टर काढला (हे विसरू नका) आणि एकेक काडी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासली. मूळची तपासणीच्या चारही फेऱ्यांत स्वच्छ. जुनी पहिल्याच फेरीत नापास. मग चांगली काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितली, कारण दोष स्लॉटचाही असू शकतो. तिथेही स्वच्छ. मदरबोर्ड ठणठणीत आहे हो!

१९ दिवस झाले, एकदाही पडला नाही. ८ जीबीवर टॅब जपून उघडावे लागतात, पण चाललंय. तेव्हा क्रॅशसाठी एकही स्टार कापत नाही. पट्टीसाठी मात्र दोन कापतेय. नुसती पट्टी मिळेल का विचारलं तर उत्तर आलं की ती वेगळी येत नाही, खालचं अख्खं कव्हर घ्यावं लागेल. दोन बोटं रुंद रबरासाठी अख्खं कव्हर! सध्या उजव्या कोपऱ्याखाली कागदाची घडी सारलीये, तरी स्पेसबार जरा जोरात दाबला की टक्क करून वाजतंच. आत्ता हे टाइप करतानाही वाजतंय.