वेळासची कासवं की पुरुषवाडीचे काजवे?

"नक्की दिसतील ना?" यांपैकी कुठल्याही गावाचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच. उत्तर दोन्हीकडे "सांगता येत नाही" असंच आहे. पण न दिसण्याची कारणं वेगळी आहेत आणि निवड त्यावरूनच करावी.

वेळास मंडणगड तालुक्यात, बाणकोट किल्ल्याजवळ. नाना फडणवीसांचं मूळ गाव. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या इथल्या पुळणीवर रात्री येतात, १०० च्या आसपास अंडी घालतात आणि मागं न बघता निघून जातात. पूर्वी ती कोल्ह्याकुत्र्यांच्या, नाहीतर माणसांच्या पोटात जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात हलवून जपायला सुरुवात केली. कासव महोत्सव त्यातूनच उभा राहिला. पिल्लं बाहेर यायला ५० दिवसांच्या आगेमागे लागतात, पण नेमका दिवस वाळूची ऊब ठरवते. (पिल्लू नर की मादी, हेसुद्धा तीच ठरवते!) त्यामुळे सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलेपर्यंत कुणालाच काही ठाऊक नसतं. कधी खाली पिल्लांची झुंबड, कधी नुसती वाळू. एकच रात्र राहणारे इथे फसतात. शुक्रवारी संध्याकाळच्या आत पोहोचून दोन मुक्काम केले, तर रविवार सकाळपर्यंत चार वेळा टोपली उचलताना पाहता येते.

पुरुषवाडी अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या घाटमाथ्याजवळचं आदिवासी गाव. मेअखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत काजव्यांचे दिवस. तारखा साधल्या तर इथे रिकाम्या हाती परतण्याची भीती कमी. खेळ बिघडवतात ते लवकर आलेला मोठा पाऊस आणि चांदणं. म्हणून बुकिंगआधी कालनिर्णय उघडा, अमावास्येजवळचे दिवस धरा. तिसरा शत्रू आपणच. काजव्याची लुकलुक म्हणजे नरानं मादीला घातलेली साद; गाडीच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये ती विरून जाते. काजव्यांसाठी भंडारदरा धरणाकडे शनिवारी रात्री लागलेली गाड्यांची रांग पाहिलीत की मी धरणाऐवजी गाव का सुचवतोय ते कळेल.

राहणं-जेवण दोन्हीकडे गावकऱ्यांच्याच घरी, पैसेही त्यांनाच. वेळासला बहुतेक घरी शाकाहारी जेवण, नशीब असेल तर उकडीचे मोदक. मासे खायचेच असतील तर वाटेत उरकून घ्या. पुरुषवाडीत भाकरी नि ठेचा. एसी कुठेच गृहीत धरू नका. मे महिन्यातली पुरुषवाडीची दुपार तर कठीणच जाते.

बरोबर आजी आणि पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर माझं मत वेळासला. किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं, पण उजेडात. शिवाय हरिहरेश्वरकडून गेलात तर बागमांडला-वेसवी जंगलजेटीत गाडीसकट खाडी ओलांडता येते. आमच्या धाकट्याला कासवांपेक्षा तीच जास्त आठवते. काजव्यांसाठी मात्र उशिरापर्यंत जागून, अंधारात, बांधावरून चालायचं असतं, तेही टॉर्च शक्यतो न लावता. आठ-नऊ वर्षांवरच्या, अंधाराला न घाबरणाऱ्या पोरांना याहून मोठी चैन नाही.

वेळासचे मार्चमधले शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा घरमालकांना जानेवारीतच फोन करा. आणि यंदा किती घरटी सापडलीत ते आधी विचारा, खोलीचं भाडं नंतर.