वावरातून परग्रहाची सावली मोजायला स्टार ॲडव्हेंचरर २आय पुरतो का?

पुरतो. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं हे छोटं यंत्र. पण ग्रहाचा फोटो मिळेल या आशेने ते घेऊ नका. एचडी १८९७३३ हा तारा ६४ प्रकाशवर्षांवर आहे. त्याचा गुरूपेक्षा थोडा मोठा वायुग्रह त्याच्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा उजेड सुमारे २.४ टक्के घटतो. ही घट साध्या डीएसएलआरने मोजता येते. अट एकच, कॅमेरा सव्वातीन तास ताऱ्यामागे फिरत राहिला पाहिजे: पावणेदोन तास अधिक्रमणाचे, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून सरकण्याचे, शिवाय आधी-नंतर पाऊण-पाऊण तास.

२००५ मध्ये सापडलेल्या या ग्रहाची एक फेरी २ दिवस ५ तास १५ मिनिटांची. एकदा सोयीची वेळ मिळाली, की नऊ फेऱ्यांनी, म्हणजे २० दिवसांनी, साधारण पाऊण तास आधी ती पुन्हा येते.

तारा जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाला लागूनच आहे. विदर्भातून तो जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे मधली हवा कमीत कमी. ऐन हंगाम मात्र पावसाळ्यात जातो. उरते मे महिन्यातली पहाट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची संध्याकाळ. ऑक्टोबरअखेर रात्री दहापर्यंत आटोपणारंच अधिक्रमण निवडा, पुढे तारा पश्चिमेला फार खाली जातो. सोयाबीनची मळणी सुरू असेल तर वारा पाहून जागा ठरवा.

आता यंत्राची खरी परीक्षा. याला मोटर एकाच अक्षावर आहे. अक्ष ध्रुवाकडे नीट रोखला नाही तर तारा चौकटीत हळूहळू सरकतो, सेन्सरवरच्या धुळीच्या डागांवरून जातो आणि उजेडाच्या आलेखात खोटा खड्डा पडतो. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २०-२१ अंशांवर. डोक्याएवढी तूर किंवा बांधावरची बाभूळ त्याला सहज झाकते, म्हणून उत्तर मोकळी असलेलाच धुरा शोधा. काळ्या मातीत तिपाईचे पाय तासाभरात दबतात. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. तिपाई जड हवी. यंत्र ५ किलो पेलतं, पण साध्या बॉल हेडवर, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या गोल सांध्यावर, २०० मिमीची लेन्स आकाशाकडे रोखली की घसरते. प्रतिभार (तोल साधणारं वजन) आणि डेक्लिनेशन ब्रॅकेट (कॅमेरा घट्ट धरणारी पट्टी) यांच्यासह संच घ्या, नुसतं यंत्र घेऊ नका. तोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे यंत्रातल्या चाकांचे दाते एकमेकांना टेकून राहतात.

कॅमेऱ्याची मांडणी अशी: २०० मिमी लेन्स, एफ/४, आयएसओ २००, ३० सेकंद, रॉ फाइल. फोकस मुद्दाम बिघडवून तारा १०-१५ पिक्सेलभर पसरवा. टोकदार तारा मोजक्या पिक्सेलवर पडतो, काही पिक्सेल भरून जातात आणि मोजणी उड्या मारते. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय बंद ठेवा, नाहीतर निम्मा वेळ वाया जातो. फक्त हिरवे पिक्सेल मोजा आणि त्याच चौकटीतल्या तेवढ्याच तेजस्वी दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करा. एकेका फोटोत अर्धा टक्का वरखाली होणारच. दहा-दहांची सरासरी घेतली की खड्डा स्वच्छ दिसतो.

यंत्र चार पेन्सिल सेलवर चालतं, पॉवर बँकही चालते. कुंपणाच्या झटका मशीनची १२ व्होल्ट बॅटरी थेट जोडू नका, मध्ये ५ व्होल्टचा कार चार्जर लावा. कॅमेऱ्यालाही बाहेरून वीज द्या, कारण मध्येच बॅटरी बदलताना चौकट हलतेच. नोव्हेंबरात लेन्सभोवती दव रोखणारी हीटर पट्टी लागते. तिच्याशिवाय काचेवर दव धरतं आणि अधिक्रमण संपल्यावरही उजेड उतरतच राहतो.