दूरदर्शनच्या जुन्या कॅसेट्स 'डिजिटल करून' घेताना झालेली फसवणूक

मुंबई दूरदर्शनचे जुने आवाज ज्यांच्या घरी कॅसेटवर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत. आमच्या गटाने २६ कॅसेट्स डिजिटल करायला एकाकडे दिल्या. कॅसेटमागे ४०० रुपये, निम्मे आगाऊ, आणि '२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, मूळ दर्जा' असा शब्द. मिळालेल्या फायली खोट्या दर्जाच्या निघाल्या आणि ९ कॅसेट्स परत आल्याच नाहीत. 'बुरशी लागली होती, टेप तुटली, टाकून द्याव्या लागल्या' एवढंच उत्तर मिळालं. पैशांपेक्षा त्या ९ कॅसेट्सचं दुःख मोठं आहे, कारण त्यांतलं बरंचसं दुसरीकडे कुठे असण्याची शक्यता फार कमी.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. बातम्या थेट वाचल्या जात. व्हिडिओ टेप महाग, त्यामुळे ती पुसून पुन्हा वापरली जाई. घरी व्हीसीआर नव्हते. टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कुणी बातम्या, कुणी 'गजरा' हा कार्यक्रम टिपून ठेवला. स्मिता पाटील यांनी सत्तरच्या दशकात याच केंद्रावर मराठी बातम्या वाचल्या. तसा आवाज कुणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यात असू शकतो. इंग्लंडमध्ये बीबीसीने पुसलेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या कित्येक भागांचं चित्र हरवलं, पण आवाज प्रत्येक भागाचा उरला, तो प्रेक्षकांच्या अशाच घरगुती टेपमुळे.

आता फसवणूक नेमकी कशी होते ते. पहिली खूण वेळ. सी-६० कॅसेट पूर्ण वाजायला ६० मिनिटं लागतात, त्याला तोड नाही. एका डेकवर (कॅसेट वाजवायच्या यंत्रावर) दिवसाचे आठ तास काम केलं तरी आठच कॅसेट्स होतात. आमच्या २६ 'दोन दिवसांत तयार' झाल्या, तेव्हाच शंका यायला हवी होती. घाईत काम उरकणारे दुप्पट वेगाने टेप चालवतात आणि नंतर कॉम्प्युटरवर वेग निम्मा करतात. त्यात वरचे सूर मरतात, 'स' आणि 'श' सारखेच ऐकू येतात.

दुसरी खूण फायलीत असते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण ३४.५ एमबी, सी-६० ची एक बाजू जवळपास १ जीबी. पण आकारावर विश्वास ठेवू नका. १२८ केबीपीएसची, म्हणजे दाबून लहान केलेली, एमपी३ फाइल वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलीत) बदलली की तीही तितकीच फुगते. ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले खालचे-वरचे सूर दाखवणारं चित्र) निवडा. खऱ्या टेपमध्ये वरच्या भागातली खरखर हळूहळू विरत जाते. एमपी३ तून आलेली असेल तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने कापल्यासारखी सरळ कड दिसते आणि वर काळोख. आमच्या फायलींत ती कड सुरुवातीपासून शेवटपर्यंत हललीच नव्हती.

तिसरा प्रकार जास्त वाईट वाटतो, कारण तो गोड बोलून होतो: 'आवाज स्वच्छ करून देतो.' स्वच्छ करताना टेपची सळसळ, पंख्याचा घुमारा, कुकरची शिट्टी सगळं खरवडून टाकलं जातं, सोबत निवेदकाच्या शब्दांच्या कडाही जातात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. बातम्यांमधली दोन-तीन सेकंदांची शांतता तर काही सॉफ्टवेअर आपोआप कापून टाकतात. न कापलेली, न घासलेली मूळ फाइल आधी मागा. स्वच्छ प्रत नंतर कितीही वेळा करता येते.

डेकच्या हेडचा (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा) कोन, म्हणजेच ॲझिमथ, हाही कळीचा मुद्दा. घरगुती टेपरेकॉर्डरचा कोन प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. वाजवणाऱ्याने हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवून आवाज सर्वांत टोकदार येईल तिथे थांबायचं असतं, दर कॅसेटला, बाजू बदलल्यावरही. 'तुम्ही ॲझिमथ जुळवता का?' एवढंच विचारा. प्रश्न कळलाच नाही, तर कॅसेट देऊ नका.

'कॅसेट भाजावी लागेल' म्हणून ज्यादा पैसे मागितले तर सावध व्हा. भाजणं, म्हणजे मंद उष्णतेने टेप सुकवणं, ही खरी पद्धत आहे, पण ती मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही स्टुडिओ रीळ-टेपसाठी, ज्यांचा थर ओलावा शोषून चिकट होतो. घरगुती साध्या कॅसेटला ती क्वचितच लागते. बुरशी आणि तुटलेली टेप ही तर फेकण्याची कारणंच नव्हेत. तुटलेली टेप ३.८१ मिमी रुंदीच्या स्प्लायसिंग टेपने जोडून पाच स्क्रूंच्या नव्या कवचात बसवता येते. (साधी सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पसरून शेजारचे वेढे चिकटतात.) आत टेपला हेडवर दाबून धरणाऱ्या पट्टीचं फेल्ट गळून पडलं असेल तरी उपाय हाच, नवं कवच.

देण्याआधी हे करा. मागच्या काठाचे दोन्ही टॅब मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. दोन्ही बाजूंचे, लेबलवरच्या हस्ताक्षराचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या गुंडाळीचे फोटो काढा. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर बारीक मार्करने खूण करा. कवच तेच ठेवून आतली टेप बदलली तर ती अदलाबदल उघडी पडते. सगळ्या एकदम देऊ नका, आधी सर्वांत कमी महत्त्वाची एक द्या. 'तुटलेली, खराब झालेली कॅसेटही परत मिळेल' हे पावतीवर लिहून घ्या. आमच्या पावतीवर ही एक ओळ नव्हती.

जुन्या बातम्यांच्या म्हणून कॅसेट विकत घेणाऱ्यांसाठी एक तपासणी. आपली टीव्ही यंत्रणा ६२५ ओळींची, त्यामुळे जुन्या संचातून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ येत असे. मायक्रोफोनने टिपलेल्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ती स्पेक्ट्रोग्रामवर आडव्या रेषेसारखी दिसते. स्वस्त टेपरेकॉर्डर तितक्या वरपर्यंत पोहोचत नसत, म्हणून रेषा नसली तर लगेच खोटं ठरवू नका.

फसवणूक झालीच असेल तर आणि पैसे ऑनलाइन दिले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. सेवेतल्या दोषासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. फोटो, पावती आणि स्पेक्ट्रोग्रामचे स्क्रीनशॉट जोडा.

आणि मिळालेली वाईट फाइल रागाने डिलीट करू नका. कॅसेट गेली असेल तर तीच एकमेव प्रत आहे. वेग चुकला असेल तर सुधारता येतो: वर सांगितलेली टीव्हीची शीळ १५,६२५ ऐवजी १६,०९४ हर्ट्झवर दिसत असेल तर आवाज ३ टक्के जलद आहे, वेग ९७.१ टक्क्यांवर आणा. शीळ सापडली नाही तर ५० हर्ट्झची गुणगुण शोधा, मात्र विजेची फ्रिक्वेन्सी त्या काळी बरीच हलायची, म्हणून तो अंदाजच. दोन गुणगुणी दिसल्या तर अगदी स्थिर असलेली बहुधा डिजिटल करणाऱ्याच्या डेकची. हलणारी धरा, ती टेपवरची.