रेनसूटच्या नावाखाली १७,५४० रुपये गेले, गळ टाकायला जाणाऱ्यांनी नक्की वाचा

आधी सरळ आकडा सांगतो. दोन रेनसूटचे १५,७०० (७,८५० ला एक, एक माझा आणि एक मेहुण्याचा), परत पाठवायच्या कुरिअरचे ६४० आणि वर "रिफंड व्हेरिफिकेशन डिपॉझिट" म्हणून १,२००. एकूण १७,५४० रुपये. त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही, आणि माल म्हणाल तर तोही हातात नाही, कारण तो विक्रेत्यानेच परत मागवून घेतला.

सुरुवात नेहमीसारखीच. मासेमारीच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली, नावाजलेल्या परदेशी कंपनीचा एक्स्पोर्ट सरप्लस, जॅकेट आणि बिब पॅन्टचा (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पॅन्ट) सेट, मोजकेच पीस. बाकीचं तुम्हाला माहीत आहेच. पण एक सांगतो, मी फुकटच्या मागे धावणारा माणूस नाही. ९९९ ला "प्रोफेशनल फिशिंग जॅकेट" दिसलं असतं तर मी बघितलंही नसतं. यांनी भाव बरोबर मधला ठेवला होता. इतका कमी नाही की शंका यावी आणि इतका जास्त नाही की हात आखडावा. या लोकांना गिऱ्हाईक कळतं.

आणि गरज खरी होती हो. गाडीवर घालायचा रेनकोट घालून दिवसभर गळ टाकून बघा एकदा. कास्ट करताना, म्हणजे गळ लांब फेकताना, हात वर गेला की मनगटावरचं पाणी बाहीतून थेट कोपरापर्यंत उतरतं, बसलं की पॅन्टची शिवण ओली, आणि आतून घामाने तेवढंच भिजतो. म्हणून मी आधी बराच अभ्यास केला होता. वॉटरप्रूफचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर पाणी झिरपायला लागतं ते. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर. यांनी २०,००० लिहिलं होतं, थ्री-लेयर मेंब्रेन (मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा असलेलं तीन थरांचं कापड), पूर्ण सीम टेपिंग (शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी), मनगटाला निओप्रिनचा म्हणजे रबरी कफ, झिपवर दुहेरी पट्टी. म्हणजे मला हवं ते सगळं, अगदी मी सांगून लिहून घेतल्यासारखं.

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे.

पैसे भरायच्या आधी मी व्हिडिओ मागितला होता. विक्रेत्याने छोटी क्लिप पाठवली. जॅकेटवर पाणी ओततोय, पाण्याचे गोल थेंब घरंगळून जातायत, मग झिप, मग हूड, आणि शेवटी घडी घालताना त्याने जॅकेट उलटं केलं. तेवढ्यात खांद्याची आतली बाजू दिसली. मी क्लिप थांबवून मोठी करून बघितली. पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण, टाके एकेक मोजता येतील इतके उघडे, आणि त्यावर टेप नाही. काही म्हणजे काही नाही.

मला तेव्हाही माहीत होतं की याचा अर्थ काय. २०,००० चा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नाही. सुई जिथे जाते तिथे भोक पडतं, आणि खांद्यावर तर पाऊस सरळ कोसळतो. म्हणून तर आतून टेप चिकटवतात. आत सैल जाळीचं अस्तर असेल तर टेप त्याच्यामागे झाकलेली असू शकते, पण थ्री-लेयरमध्ये तिन्ही थर एकमेकांना चिकटवलेले असतात, अस्तर वेगळं लोंबत नाही, म्हणजे टेप असेल तर ती दिसायलाच पाहिजे. लपायला जागाच नाही.

मी विचारलं त्याला. लगेच उत्तर आलं, "सर तो सॅम्पल पीस आहे, फायनल लॉटमध्ये फुल टेपिंग आहे." त्याच्याच खाली दुसरा मेसेज, "एल आणि एक्सएल मध्ये शेवटचे दोनच राहिलेत." आणि त्याच वेळी ग्रुपमधल्या एका ओळखीच्या माणसाने लिहिलं की त्याचा सेट आला, क्वालिटी मस्त आहे. आता सॅम्पल आणि लॉटमध्ये फरक असतो हे खरं आहे, कपड्याच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. ओळखीचा माणूस स्वतः सांगतोय म्हटल्यावर मी कशाला खोटं समजू? नंतर कळलं की त्याने सेट फक्त घरात घालून बघितला होता, पावसात एकदाही नाही. त्याच्यावर राग नाही माझा, पण कृपा करून कोणीही पाण्यात न वापरलेल्या वस्तूला ग्रुपवर "मस्त" लिहू नका, तुमच्या एका शब्दावर दुसऱ्याचे पैसे जातात.

आणि ते थेंब घरंगळणारे व्हिडिओ बघून तर अजिबात पैसे देऊ नका. ती वरच्या कोटिंगची करामत असते, डीडब्ल्यूआर म्हणतात त्याला. कुठल्याही साध्या कापडावर स्प्रे मारला की थेंब तसेच पळतात. कापड वॉटरप्रूफ आहे हे त्याने सिद्ध होत नाही. चांगल्या जॅकेटचंही हे कोटिंग वापराने उतरतं, मग वरचं कापड पाणी पितं आणि जड होतं, पण आतलं मेंब्रेन धड असेल तर पाणी आत येत नाही.

पार्सल आलं. बॉक्स छान, टॅग छान, लोगो एकदम खऱ्यासारखा. टॅगवर "ईएन ३४३ क्लास ५" असं छापलं होतं. हे पावसाच्या संरक्षक कपड्यांचं युरोपियन मानक, आणि त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत सगळ्यात वरचा वर्ग ४ आहे. पाचवा नाहीच. हे मला नंतर वाचून कळलं, पण सामान्य माणूस टॅगवरचा आकडा तपासत बसतो का? शिवणीवर टेप मात्र होती. म्हणजे मला वाटलं, बघा, सॅम्पलचं खरं बोलला होता. ती टेप नुसती वरून इस्त्री फिरवून चिकटवलेली होती. पहिल्याच जोराच्या पावसात खांद्यावर एका टोकाने सुटली, मी नखाने उचलली तर हातभर लांब पट्टी सरळ निघून हातात आली, खाली गोंदाचा मागमूस नाही. पाणी खांद्यापासून छातीपर्यंत एका रेषेत उतरलं होतं. मेहुण्याची पॅन्ट बसायच्या जागी भिजली, कारण बसल्यावर किंवा गुडघे टेकल्यावर कापडावर पावसापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो, आणि तिथे टेप तर नव्हतीच, कापडही साधंच. परत येईपर्यंत तो थंडीने कुडकुडत होता. ओल्या अंगाला वारा लागला की शरीराची उष्णता झपाट्याने जाते, हे लोकांना अजून गंभीर वाटत नाही. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही आणि त्याचंच जास्त लागलं. त्याने माझ्या शब्दावर पैसे दिले होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणतो, "सर हा तुमचा घाम आहे, ब्रीदेबल जॅकेटमध्ये सुरुवातीला होतं असं." (ब्रीदेबल म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं.) हे उत्तर पाठ करून ठेवा, प्रत्येक बनावट रेनसूटवाला हेच देतो. घाम पाठीवर, काखेत, सगळीकडे सारखा ओलसरपणा करतो. गळती रेषेत येते, शिवणीच्या बाजूने, झिपच्या खालून, हूड जिथे कॉलरला जोडलाय तिथून. फरक डोळ्यांना दिसतो.

मी भांडलो तेव्हा म्हणाला ठीक आहे, दोन्ही सेट परत पाठवा, क्यूसी म्हणजे मालाची तपासणी झाल्यावर पूर्ण रिफंड. ६४० रुपये घालून पाठवले. मग मेसेज आला, इनव्हॉइस नंबर वगैरे टाकलेला, की रिफंड सिस्टीममध्ये खातं व्हेरिफाय करायला १,२०० भरा, ते रिफंडसोबत परत मिळतील. मला कोणी शिकवू नका की रिफंडसाठी पैसे भरायचे नसतात. १५,७०० अडकलेले असताना, माल हातातून गेलेला असताना, घरचा माणूस वाट बघत असताना ते १,२०० कसे भरले जातात हे ज्याचे अडकलेत त्यालाच कळतं. भरले, आणि त्या दिवसापासून नंबर बंद.

खरा संताप याच्या पुढचा आहे.

पोलिसांकडे गेलो तर म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले माल तुम्हाला मिळाला होता ना, मग ही फसवणूक कशी, हा ग्राहक वाद झाला. ग्राहक तक्रारीच्या ठिकाणी गेलो तर म्हणतात विक्रेता बनावट निघाला म्हणजे हा गुन्हा आहे, पोलिसात जा. सायबरवाल्यांना मी १,२०० रुपयांचा मेसेज दाखवला, म्हटलं हे तर उघड उघड लुबाडणं आहे, इथे कुठला माल आला? तर उत्तर काय, रक्कम लहान आहे, अर्ज देऊन ठेवा. तिथल्या एकाने मला विचारलं की मासे धरायला एवढा महागाचा रेनकोट कशाला लागतो. मी काय कामासाठी काय विकत घेतो याचा आणि चोरीचा काय संबंध? माझा छंद तुम्हाला फालतू वाटतो म्हणून माझे पैसे गेले तरी चालतील का? चार लोकांसमोर मान खाली घालून उभा होतो मी, आणि ज्याने चोरी केली तो कुठेतरी पुढचे पार्सल पॅक करत असेल.

बँक म्हणते पेमेंट तुम्हीच मंजूर केलं, आम्ही काही करू शकत नाही. कुरिअरवाला म्हणतो पार्सल पोचलं, पण कोणी घेतलं ते सांगता येणार नाही. ऑनलाईन तक्रारीच्या फॉर्ममध्ये विक्रेत्याचा पूर्ण पत्ता भरणं सक्तीचं, तो रकाना लाल होऊन राहतो आणि फॉर्म पुढे सरकत नाही. अरे पत्ता मिळत नाही हीच तर तक्रार आहे! शेवटी मी परतीच्या पार्सलवरचा पत्ता टाकला, तर तक्रार बंद, शेरा "दिलेल्या पत्त्यावर सदर व्यवसाय आढळला नाही". म्हणजे तो फ्रॉड आहे हे तुम्हीच लिहून दिलंत आणि तक्रारही तुम्हीच बंद केलीत. जाहिरात रिपोर्ट केली, तिकडून उत्तर की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.

म्हणून सांगतो, माल परत पाठवू नका. किमान एक पीस जवळ ठेवा, टॅग कापू नका, पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. माझ्याकडे आज सुटलेल्या टेपचे फोटो आहेत पण टेप नाही, आणि फोटोला कोणी विचारत नाही. पैसे शक्यतो डिलिव्हरीवर द्या, किंवा कार्डने, निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागायची सोय राहते. थेट खात्यावर किंवा क्यूआरवर दिलेला पैसा परत मिळवणं किती अवघड आहे ते मी भोगतोय.

रेनसूट आला की घरीच तपासा, नदीवर नाही. जॅकेट उलटं करून खांद्याच्या शिवणीची झोळी करा, त्यात पाणी भरून ठेवा आणि थोड्या वेळाने खालून हात लावून बघा. टेपचं टोक नखाने उचलून बघा, चांगली टेप उचलली जात नाही. जॅकेट घालून हात कास्ट करतो तसा वर घ्या, बाही मनगटावरून खाली घसरते का बघा.

आणि बजेट कमी असेल तर मेंब्रेन, ब्रीदेबल वगैरे नादाला लागूच नका. बोटीवर काम करणारे लोक जाड पीव्हीसीचे सूट घालतात, शिवणी वेल्ड केलेल्या, जड असतात, आत घाम येतो, पण पाणी आत येत नाही. खोट्या थ्री-लेयरपेक्षा खरं पीव्हीसी शंभर पटीने बरं, हे माझं ठाम मत आहे.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने परत आलाय. फोटो तेच, काळं-पिवळं जॅकेट, मागे हिरवा पडदा, पडद्याला खालच्या कोपऱ्यात ठिगळ. तुमच्या ग्रुपवर दिसलं तर आधी स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि क्यूआर दिसेल असा, मग त्याला व्हिडिओ कॉलवर जॅकेट उलटं करायला सांगा. ज्यांचे पैसे याच्याकडे गेलेत त्यांनी मला मेसेज करा, व्यवहाराच्या पावत्या एकत्र करून एकच अर्ज द्यायचा आहे, म्हणजे निदान रक्कम लहान आहे असं तरी म्हणता येणार नाही.